आरोग्य विम्याचा स्वस्त हप्ता आणि ‘डिडक्टिबल’ची मेख

राजूर (ता. भोकरदन, जि. जालना) हे गाव मराठवाड्याला ठाऊक आहे ते राजुरेश्वर गणपतीमुळे. गणपतीच्या साडेतीन पीठांत मोरगाव आणि पद्मालय यांच्या जोडीने राजूरचे नाव घेतले जाते. अंगारकी चतुर्थीला येथे भाविकांची रीघ लागते आणि नारळ, फुले, प्रसादाच्या दुकानांवर अनेक घरांचा संसार चालतो. बाकीची घरे प्रामुख्याने शेतीवर अवलंबून. अशा घरांच्या मागे नोकरीतून मिळणारा सामूहिक आरोग्य विमा नसतो. मोठी शस्त्रक्रिया म्हटली की जालना, नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. म्हणूनच पुण्या-मुंबईत नोकरी करणारी मुले गावाकडील आई-वडिलांसाठी वैयक्तिक आरोग्य विम्याचा शोध घेतात. या शोधात सर्वांत कमी हप्त्याची म्हणून जी पॉलिसी समोर येते, तिच्यात बहुधा ‘डिडक्टिबल’ नावाची अट असते. ती नीट वाचली नाही, तर तिचा अर्थ कळतो तो रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीशी.

डिडक्टिबल म्हणजे वजावटीची रक्कम. बिलातील एवढा पहिला भाग विमाधारकाने स्वतः सोसावयाचा आणि त्यावरील भाग कंपनीने द्यावयाचा. मोटारीचा विमा काढणाऱ्यांना ही कल्पना नवी नाही. दीड हजार सीसीपर्यंतच्या मोटारीच्या नुकसानीतील पहिले १,००० रुपये मालकानेच भरावयाचे असतात. आरोग्य विम्यात मात्र हा आकडा हजारात न राहता लाखांत जातो. दोन, तीन, पाच लाख रुपयांची डिडक्टिबल असलेल्या पॉलिसी सर्रास विकल्या जातात. लहान-मोठी बहुतेक बिले या रकमेच्या आतच संपत असल्याने कंपनीवरील भार कमी होतो आणि हप्ताही कमी ठेवता येतो. स्वस्ताईचे गुपित एवढेच आहे. डिडक्टिबलमुळे विम्याची मूळ रक्कम घटत नाही. तीन लाखांची डिडक्टिबल आणि दहा लाखांचे संरक्षण असेल, तर पहिल्या तीन लाखांनंतर दहा लाखांपर्यंतचा खर्च मिळू शकतो. प्रश्न असतो तो पहिले तीन लाख आणावयाचे कोठून, हा.

अमेरिकेतील नातेवाइकांकडून हा शब्द ऐकलेल्यांचा आणखी एक गोंधळ होतो. तेथे डिडक्टिबल जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत असते आणि डॉक्टरांकडील साध्या भेटीचा, तपासण्यांचा खर्चही अनेकदा तिच्यात मोजला जातो. आपल्याकडील बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याशी बांधलेल्या आहेत. बाह्यरुग्ण विभागातील तपासणी, महिन्याची रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची चाचणी यांवरील खर्च साधारणपणे डिडक्टिबल ओलांडण्यासाठी धरला जात नाही. मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आई-वडिलांसाठी जो प्रवासी विमा काढला जातो, त्यातही डिडक्टिबल असते. ती डॉलरमध्ये असते, हे विसरू नये.

टॉप-अप की सुपर टॉप-अप?

या दोन नावांत एका शब्दाचा फरक आहे, परंतु त्यापायी लाखाचा फटका बसू शकतो. साध्या ‘टॉप-अप’ पॉलिसीत डिडक्टिबल प्रत्येक वेळच्या दाखल होण्याला स्वतंत्रपणे लागते. ‘सुपर टॉप-अप’मध्ये वर्षभरातील सर्व बिलांची बेरीज करून ती एकदाच लावली जाते. समजा, राजूरच्या बाजारातील एका दुकानदाराने तीन लाखांची डिडक्टिबल असलेली पॉलिसी घेतली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हृदयविकाराच्या उपचाराचे बिल दोन लाख आले आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा दाखल व्हावे लागून एक लाख ऐंशी हजार आले. टॉप-अप असेल तर हाती काहीच पडणार नाही, कारण दोन्ही बिले स्वतंत्रपणे तीन लाखांच्या आत आहेत. सुपर टॉप-अप असेल तर एकूण तीन लाख ऐंशी हजारांतून तीन लाख वजा होऊन, इतर अटींत बसल्यास, ऐंशी हजार मिळतील.

यासाठी पहिल्या बिलाचा पुरावा जपून ठेवावा लागतो. छोट्या गावांत येथेच घोटाळा होतो. रोख पैसे देऊन कच्च्या पावतीवर उपचार घेतले, डिस्चार्ज कार्ड हरवले, औषधांच्या चिठ्ठ्या टाकून दिल्या, की डिडक्टिबल ओलांडल्याचे दाखविता येत नाही. पक्के बिल मागून घेणे हा येथे हक्काचा नव्हे, पैशाचा प्रश्न आहे. रुग्णालयाची नोंदणीही पाहावी. पॉलिसीतील व्याख्येप्रमाणे रुग्णालय कायद्याने नोंदलेले असावे लागते, अथवा दहा लाखांपेक्षा कमी लोकवस्तीच्या गावात निदान दहा खाटा, दिवसरात्र परिचारिका, शस्त्रक्रियागृह अशा अटी पुऱ्या कराव्या लागतात.

सरकारी संरक्षण आधी तपासावे

खासगी पॉलिसीचा हप्ता भरण्यापूर्वी घरातील शिधापत्रिका बाहेर काढणे शहाणपणाचे. राज्यात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि पुढच्या वर्षी सर्वत्र गेलेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. आत्महत्याग्रस्त म्हणून निवडलेल्या १४ जिल्ह्यांत जालन्याचा समावेश असल्याने येथील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही ती आधीपासून लागू होती. २०२३ च्या शासन निर्णयाने ती सर्वच शिधापत्रिकाधारकांसाठी खुली झाली आणि कुटुंबामागे वर्षाला दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर गेले. हप्ता नाही, डिडक्टिबलही नाही. योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन त्यालाच गाठावे. चौकशीसाठी १५५३८८ हा क्रमांक आहे. सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर पाच लाखांचे संरक्षण मिळते. खासगी विमा असला तरी हे कार्ड काढता येते.

मग पाच लाखांचे सरकारी संरक्षण आणि त्यावर पाच लाख डिडक्टिबलची स्वस्त सुपर टॉप-अप, अशी जोडी जमेल काय? हा हिशेब अनेकांना सुचतो आणि कागदावर तो देखणाही दिसतो. प्रत्यक्षात ही दोन चाके एका आसावर बसतीलच असे नाही. सरकारी योजनेत उपचार होतात ते यादीतील आजारांवर, यादीतील रुग्णालयांत आणि ठरलेल्या पॅकेजच्या दराने. तेथे बिल पाच लाखांपलीकडे जाण्याचा प्रसंगच विरळा. याउलट तातडीच्या वेळी योजनेबाहेरील खासगी रुग्णालयात जावे लागले, तर सरकारी योजना तेथे चालत नाही आणि सुपर टॉप-अपची पहिली पाच लाखांची पायरी खिशातूनच चढावी लागते. ज्या घरात तेवढी बचत नाही, त्या घरासाठी मोठ्या डिडक्टिबलची एकटी पॉलिसी निरुपयोगी ठरण्याची शक्यता अधिक. खाली दोन-तीन लाखांची साधी मूळ पॉलिसी आणि तिच्या रकमेएवढ्याच डिडक्टिबलची सुपर टॉप-अप वर, ही रचना थोडी महाग, पण टिकाऊ.

मूळ पॉलिसी कोणती?

भारतात ‘मेडिक्लेम’ सुरू झाला १९८६ मध्ये, तोही चार सरकारी कंपन्यांमार्फत. २००० नंतर खासगी कंपन्या आल्या आणि पॉलिसींची नावे व अटी इतक्या वाढल्या की तुलना करणे अवघड झाले. त्यावर उतारा म्हणून विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२० पासून ‘आरोग्य संजीवनी’ ही सर्व कंपन्यांसाठी समान अटींची पॉलिसी आणली. तिच्यात डिडक्टिबल नाही. त्याऐवजी प्रत्येक दाव्यातील पाच टक्के विमाधारकाने द्यावयाचे, म्हणजे ‘को-पेमेंट’. राहत्या शहरानुसार हप्ता बदलण्याची मुभाही त्यात कंपन्यांना ठेवलेली नव्हती. इतर अनेक पॉलिसींत गावाकडील पत्त्यावर हप्ता कमी पडतो, मात्र मुंबईसारख्या शहरात उपचार घेतल्यास जादा को-पेमेंट कापले जाऊ शकते. आई-वडील राजूरला आणि उपचार मुलांकडे पुण्या-मुंबईत, अशी शक्यता असेल तर ही अट आधीच विचारून घ्यावी.

डिडक्टिबल नसलेल्या पॉलिसीतही खोलीभाड्याची मर्यादा तिचेच काम चोरपावलांनी करते. आरोग्य संजीवनीच्या मूळ अटींत खोलीभाडे विमा रकमेच्या दोन टक्के, कमाल ५,००० रुपये रोज असे होते. दोन लाखांच्या पॉलिसीला रोजचे ४,०००. रुग्णाने ८,००० रुपयांची खोली घेतली आणि पाच दिवस राहिला, तर खोलीचे ४०,००० रुपये निम्म्यावर येतात. एवढ्यावर भागत नाही. शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह यांचा ६०,००० चा खर्चही त्याच प्रमाणात कापून ३०,००० धरला जातो. औषधांचे ४०,००० मात्र पूर्ण. एकूण १,४०,००० रुपयांच्या बिलात मान्य रक्कम ९०,०००. त्यातून पाच टक्के गेल्यावर मिळतात ८५,५००. उरलेले ५४,५०० रुपये रुग्णाने भरावयाचे. निम्म्या भाड्याची खोली घेतली असती, तर ही कपात टळली असती.

हप्त्याबाबत अलीकडे दिलासा मिळाला तो करातून. वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला. नियमांतही बदल झाले आहेत. २०२४ च्या नियमांनी आधीपासूनच्या आजारांची प्रतीक्षा कमाल ३६ महिन्यांवर आली. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याचे कारण देऊन दावा नाकारता येत नाही. म्हणून मधुमेह, रक्तदाब, तंबाखूचे व्यसन अर्जात स्पष्ट लिहावे. ‘एवढे लिहायची गरज नाही’ असे सांगणारा विमा प्रतिनिधी दावा नाकारला जातो त्या दिवशी सोबत नसतो. पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत पटली नाही तर परत करता येते. डिडक्टिबल, को-पेमेंट आणि खोलीभाडे हे तीन आकडे याच मुदतीत तपासावेत. ते पॉलिसीसोबत द्यावयाच्या ग्राहक माहिती पत्रकात एकत्र सापडतात.

दावा चुकीने नाकारला किंवा जादा कापला असे वाटल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. दाद न मिळाल्यास नियामकाचे ‘बीमा भरोसा’ संकेतस्थळ आणि १५५२५५ हा क्रमांक आहे. त्यापुढे विमा लोकपाल. जालना जिल्ह्यातील विमाधारकांसाठी त्यांचे कार्यालय पुण्यात असून तेथे शुल्क आकारले जात नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.