मोत्याचे पाणी

वाचकहो, कोणत्याही जुन्या खानदानी घरातला दागिन्यांचा डबा उघडला, तर सोन्याच्या जोडीला मोती हमखास सापडतो. कुठे नथीचा झुबका असतो, कुठे कानातल्या कुड्या, कुठे गळ्यालगतची चिंचपेटी, तर कुठे तुटलेल्या सराचे सुटे दाणे मलमलीच्या पुरचुंडीत बांधून ठेवलेले असतात. घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारावे, तर ती अभिमानाने सांगते, "हे खरे बसऱ्याचे मोती, बरे का!" या बसऱ्याच्या मोत्याची हकिगत येथे आपल्यापुढे मांडायची आहे. ती जितकी देखणी आहे तितकीच कष्टाची आहे, आणि तिचा शेवट विचार करायला लावणारा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. बसऱ्याच्या बंदरात मोती सापडत नसत. बसरा हे इराकमधील व्यापाराचे मोठे ठाणे. मोती निघत ते आखाताच्या अरबी किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात, म्हणजे बहरीन, कतर, कतीफ, अबुधाबी, कुवेत या भागात. माल ज्या बाजारातून येतो त्याचे नाव त्याला चिकटते, तसेच येथे झाले. त्यातही बहरीनचा मोती सर्वांत नावाजलेला होता.

मोती तयार कसा होतो? स्वाती नक्षत्रातला पावसाचा थेंब शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो, अशी आपल्याकडची जुनी कल्पना. खरा प्रकार थोडा निराळा आहे. शिंपल्यातील मऊ जिवाच्या अंगात एखादा बारीक किडा शिरतो किंवा काही इजा होते. त्या बोचऱ्या जागेभोवती तो जीव आपल्याच शिंपल्याच्या आतल्या चकचकीत अस्तराचे द्रव्य चढवू लागतो. थरावर थर बसतात आणि त्या पातळ थरांतून प्रकाश खेळू लागतो. एका मुक्या जिवाने आपल्या वेदनेवर घातलेले ते पांघरूण आहे. हिऱ्याला पैलू पाडावे लागतात, माणकाला घासावे लागते. मोती मात्र समुद्रातून बाहेर येतो तोच पूर्णपणे घडलेला. माणसाने त्याला फक्त वेज पाडायचे आणि ओवायचे.

या तेजाला आपण 'पाणी' म्हणतो. फारसीत पाण्याला 'आब' म्हणतात, आणि झळाळीलाही 'आब'च. आबदार मोती म्हणजे पाणीदार मोती. हाच शब्द मराठीत आला आणि माणसाच्या इभ्रतीला लागू झाला. आपण आब राखतो, आब सांभाळतो. मोत्याचे आणि माणसाचे मोल एकाच शब्दाने मोजावे, यात आपल्या पूर्वजांची केवढी जाण दिसते! अरबीत मोत्याला 'लूलू' म्हणतात. कुरआन शरीफच्या सूरह रहमानमध्ये समुद्राच्या देणग्यांचा उल्लेख करताना मोती आणि प्रवाळ यांची नावे जोडीने आली आहेत. अकराव्या शतकातील थोर विद्वान अल्-बिरूनी यांनी रत्नांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात मोत्याचे प्रकार आणि पारख यांना मोठी जागा दिली आहे.

आज मोती हा बायकांचा दागिना समजला जातो. पूर्वी तसे नव्हते. १६१४ साली बादशहा जहांगीर आजारातून उठला, तेव्हा ख्वाजा मुईनुद्दीन चिश्ती यांच्याविषयीच्या श्रद्धेपोटी त्याने आपले कान टोचून घेतले आणि त्यांत मोती घातले. त्याने स्वतःच आपल्या आत्मचरित्रात ही हकिगत नोंदवून ठेवली आहे. धन्याचे पाहून दरबारी मंडळींनीही कान टोचले. आपल्याकडे पेशवाईत पुरुषांच्या कानात भिकबाळी, पगडीवर मोत्यांचा तुरा आणि गळ्यात मोत्यांची कंठी असे. बायकांच्या वाट्याला नथ, बुगडी, कुड्या, तन्मणी, चिंचपेटी असा मोत्यांचा मोठा परिवार आला.

नथीचा इतिहास तर फारच मनोरंजक आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान प. कृ. गोडे यांनी नथीचा कसून शोध घेतला. इ. स. १००० च्या आधीच्या संस्कृत वाङ्मयात नाकातल्या दागिन्याचा पुरावा मिळत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे जी नथ आज मराठमोळेपणाची खूण मानली जाते, ती मागाहून आलेली, आणि तिच्यातला मोती तर थेट अरबांच्या समुद्रातला! दागिन्याला जातपात आणि मुलूख नसतो. जो मनापासून घालील, त्याचा तो होतो.

या देवाणघेवाणीचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे बडोद्याचा मोत्यांचा गालिचा. सुमारे १८६५ साली महाराज खंडेराव गायकवाड यांनी तो करवून घेतला. रेशीम आणि हरणाचे कातडे यांच्या पायावर लाखो बारीक बसराई मोती शिवून त्यात हिरे, माणके, पाचू आणि नीलम जडवले. मदिनेतील पैगंबरसाहेबांच्या रौजा मुबारकवर अर्पण करण्यासाठी तो बनवला होता, असे परंपरा सांगते. एका मराठा हिंदू राजाचा हा मनोदय होता. १८७० साली खंडेरावांचे निधन झाले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. पुढे तो राजघराण्याबरोबर परदेशी गेला. २००९ साली कतरची राजधानी दोहा येथे त्याचा लिलाव झाला, तेव्हा त्याला सुमारे ५५ लाख डॉलर मिळाले. आखाताच्या पाण्यातून निघालेले मोती सुमारे दीडशे वर्षांनी पुन्हा आखाताच्या काठी आले.

आता, वाचकहो, दागिन्यावरून नजर काढून जरा समुद्राकडे वळवू या. विसाव्या शतकाच्या आरंभी आखातात मोती काढण्याच्या कामावर सुमारे ४,५०० होड्या आणि ७४,००० माणसे होती. उन्हाळ्याचे चार महिने, साधारण जून ते सप्टेंबर, हा हंगाम चाले. होडीच्या मुख्याला 'नाखुदा' म्हणत. आपल्या कोकण किनाऱ्यावरचा 'नाखवा' तो हाच. पाणबुड्या नाकाला चिमटा लावी, पायाला दगड बांधी, गळ्यात जाळीची टोपली अडकवी आणि दोराच्या आधाराने तळाशी जाई. एका दमात मिनिटभर, फार तर दीड मिनिट, हाताला येतील तेवढे शिंपले गोळा करायचे आणि दोर हलवायचा. वरचा सोबती त्याला ओढून घेई. सकाळपासून संध्याकाळपर्यंत अशा कित्येक बुड्या होत. पोट जड झाले तर दम टिकत नाही, म्हणून दिवसभर थोडा खजूर आणि कॉफी यांवरच भागवायचे. कानांचे पडदे फाटत, डोळे अधू होत, खाऱ्या पाण्याने अंगाची कातडी निघे. एवढे करून बहुतेक शिंपले रिकामेच निघत.

पण पाण्याहून खोल होते ते कर्ज. हंगामाआधी नाखुदा पाणबुड्याला उचल देई. त्यावर घर चाले. हंगाम संपला की हिशोब होई आणि बहुतेक वेळा पाणबुड्याकडेच बाकी निघे. हिशोबाची वही नाखुदाकडे आणि नाखुदाचा हिशोब सावकाराकडे. पाणबुड्याला तर अक्षरओळखही नसे. वहीत काय लिहिले आहे ते त्याला कसे कळणार? बाप मेला की कर्ज मुलाच्या डोक्यावर येई आणि मुलगा त्याच दोराला लटकून त्याच समुद्रात उतरे. १९२० नंतरच्या दशकात बहरीनमध्ये सुधारणा झाल्या. प्रत्येक पाणबुड्याला त्याच्या हिशोबाची स्वतंत्र वही मिळावी आणि बापाचे कर्ज मुलाकडून वसूल करू नये, असे नियम झाले. तरीही उचलीवाचून घर चालत नव्हते. १९३२ साली उचल कमी केली, तेव्हा त्याच पाणबुड्यांनी दंगा केला. भाकरीचा दुसरा मार्ग नसेल, तर बेडीसुद्धा आधार वाटते, ती अशी.

हे मोती जात कुठे? तर आपल्या मुंबईला. हंगाम संपला की कुवेत, बहरीन, दुबईचे व्यापारी लाल कापडात बांधलेले मोती घेऊन मुंबईत येत. येथे मोत्यांची चाळणीने प्रतवारी होई, वेज पाडले जाई, रंगाला रंग आणि पाण्याला पाणी जुळवून सर ओवले जात आणि मग माल पॅरिस, लंडनकडे रवाना होई. मोत्याचे मोल 'चव' या मापाने ठरे आणि तो हिशोब मोठा चमत्कारिक होता. वजन दुप्पट झाले, तर चव चौपट होई. हा शब्द अरब व्यापाऱ्यांच्याही तोंडी बसला होता. आखातात त्या काळी चलन होते तेही आपल्या रुपयाचे, आणि काही भागांत तो १९६६ पर्यंत चालला. पॅरिसचे प्रसिद्ध जवाहीर झाक कार्तिए १९११-१२ साली हिंदुस्थान आणि आखात असा प्रवास करून गेले, तेही मोत्यांच्याच शोधात.

या व्यापाऱ्यांत जेद्दाहचे हाजी मुहम्मद अली जैनल अलीरजा यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. मुंबई आणि पॅरिसच्या मोती बाजारात त्यांचा मोठा दबदबा होता. परंतु त्यांची खरी ओळख दुसरीच आहे. १९०५ साली त्यांनी जेद्दाह येथे 'अल्-फलाह' नावाचा मदरसा सुरू केला. पुढे मक्केत आणि मग दुबई, मुंबई येथेही फलाहच्या शाळा निघाल्या. मोत्याच्या नफ्यातून मुलांना अक्षर, हिशोब आणि दीन यांचे शिक्षण मिळू लागले. ज्या समुद्रात निरक्षर पाणबुडा बुड्या मारीत होता, त्याच समुद्राच्या पैशातून या पाट्या-पुस्तकांचा खर्च निघत होता.

आणि मग ही सगळी दुनिया पाहता पाहता कोसळली. जपानमध्ये कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ साली शिंपल्यात मुद्दाम बीज घालून अर्धगोल मोती तयार करून दाखवला होता. पुढे अशा रीतीने पूर्ण गोल मोतीही होऊ लागले आणि १९२० नंतर ते युरोपच्या बाजारात आले. दिसायला नैसर्गिक मोत्यासारखेच, पण किमतीने कितीतरी कमी! त्यातच १९२९ ची जागतिक मंदी आली. भाव किती घसरले याचे एक उदाहरण पुरे. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये कार्तिए पेढीने एक दुपदरी मोत्यांचा हार आणि वर शंभर डॉलर देऊन मोक्याच्या रस्त्यावरची एक हवेली घेतली. हाराची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर धरली होती. १९५७ साली तोच हार विकला गेला तो सुमारे दीड लाख डॉलरला. हवेली मात्र पेढीकडे राहिली. आखातातील व्यापारी बुडाले, होड्या किनाऱ्यावर पडून राहिल्या. १९३२ साली बहरीनमध्ये खनिज तेल सापडले आणि पाणबुड्यांची मुले तेलाच्या कामावर गेली. २०१२ साली बहरीनमधील मोत्यांच्या व्यवसायाशी संबंधित वास्तू आणि शिंपल्यांचे समुद्रातले थर युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. कामाचे स्मारक झाले.

आपल्या भगिनींसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगणे येथे योग्य होईल. मोती दातावर हलकेच घासून पाहा. खरा असेल तर बारीक वाळूसारखा खरखरीत लागेल, काचेचा असेल तर गुळगुळीत. मात्र या परीक्षेत नैसर्गिक आणि जोपासलेला मोती सारखेच उतरतात. त्यांच्यातला फरक क्ष-किरणांनीच कळतो. मोती नाजूक आहे. अत्तर, घाम, लिंबू आणि व्हिनेगर त्याचे वैरी आहेत. म्हणून अत्तर लावून झाल्यावर सर्वांत शेवटी मोती घालावा आणि घरी आल्यावर सर्वांत आधी काढावा. मऊ कापडाने पुसून तो इतर रत्नांपासून वेगळा ठेवावा, नाहीतर चरे पडतात. सर वरचेवर वापरात असेल, तर तो दोन-तीन वर्षांनी पटवेकऱ्याकडून नव्या रेशमात ओवून घ्यावा, आणि दर मोत्यामागे गाठ मारायला सांगावे. म्हणजे सर तुटला तरी मोती विखरून जात नाहीत.

वाचकहो, मोती जरूर वापरावा. त्याच्यासारखा शांत दागिना दुसरा नाही. पण तो घालताना पाण्याखाली दम कोंडून घेतलेला तो माणूसही आठवावा. त्याच्याजवळ दम होता, हिंमत होती, हातात जगातली सर्वांत देखणी वस्तू येत होती. नव्हते ते फक्त वहीतले चार आकडे वाचण्याचे बळ, आणि तेवढ्यासाठी पिढ्यान् पिढ्या कर्जात बुडाल्या. मोत्यांचा भाव उतरला, पेढ्या बुडाल्या. जेद्दाहची आणि मक्केची फलाहची शाळा मात्र टिकली, आणि तिथल्या वर्गांतून मुले शिकून बाहेर पडत राहिली. हाजी मुहम्मद अलींनी आयुष्यात असंख्य मोती पारखले असतील. कोणत्या मोत्याचे पाणी कधी उतरत नाही, हेही त्यांनी नेमके ओळखले होते.