एचपीव्हीची लस : आधी मुलींना, की मुलांनाही?

गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ प्रत्येक रुग्णात ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसच्या (एचपीव्ही) दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून उद्भवतो. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या या विषाणूचे १६ आणि १८ हे दोन प्रकार सुमारे ७० टक्के रुग्णांना कारणीभूत ठरतात. त्यांच्याविरुद्धची पहिली लस अमेरिकेत २००६ मध्ये मान्य झाली आणि ती द्यायची कोणाला, हा वाद तेव्हापासूनच सुरू झाला.

वयाचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. लस संसर्ग रोखते; जडलेला संसर्ग बरा करीत नाही. त्यामुळे ती लैंगिक जीवन सुरू होण्यापूर्वीच द्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते १४ वर्षांच्या मुलींना अग्रक्रम दिला, तो याच कारणासाठी. 'इतक्या लहान वयात कशाला?' या पालकांच्या स्वाभाविक शंकेचे उत्तरही हेच.

अवघड प्रश्न मुलांचा. विषाणू पुरुषांकडूनही पसरतो आणि त्यांनाही घशाचा व गुदद्वाराचा कर्करोग होऊ शकतो. ब्रिटनने २००८ मध्ये केवळ १२-१३ वर्षांच्या मुलींपासून सुरुवात केली. बहुतेक मुलींना लस मिळाली, की मुलांनाही आपोआप संरक्षण मिळेल, असा त्यामागील तर्क होता. त्यात समलिंगी पुरुषांचा विचारच नव्हता! त्यांच्यासाठी इंग्लंडमध्ये २०१८ मध्ये स्वतंत्र योजना आली. मुलांचे लसीकरण खर्चाच्या मानाने परवडणारे नाही, असे तेथील तज्ज्ञ समितीने २०१७ मध्ये म्हटले होते. पुढच्याच वर्षी तिने शिफारस केली आणि सप्टेंबर २०१९ पासून मुलांनाही लस मिळू लागली. विषाणू तोच, लसही तीच. बदलली ती हिशेबाची रीत.

नेमक्या त्याच सुमारास, ऑक्टोबर २०१९ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागारांनी मुलांचे लसीकरण तूर्त लांबणीवर टाकण्याची सूचना केली. जगभर लसीचा तुटवडा होता आणि सर्वाधिक मृत्यू होणाऱ्या गरीब देशांतील मुली लसीविना होत्या.

ही कोंडी फुटण्यास भारतातील एका अर्धवट राहिलेल्या अभ्यासाचा मोठा हातभार लागला. दोन डोस पुरतात की तीन हवेत, हे तपासण्यासाठी २००९ मध्ये पुणे व बार्शीसह देशातील अनेक केंद्रांवर मुलींना लस देण्यास प्रारंभ झाला. आंध्र प्रदेश व गुजरातमधील एका वेगळ्या प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाल्याने २०१० मध्ये सरकारने सर्वच चाचण्यांतील लसीकरण थांबविले. त्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही. संमती घेण्याच्या पद्धतीवर मात्र कठोर टीका झाली, आणि ती रास्तच होती. इकडे अभ्यासातील हजारो मुलींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. एका डोसचे संरक्षणही जवळजवळ तितकेच टिकते, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांतून दिसले. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वर्षे वयासाठी एका डोसचा पर्याय मान्य केला. तेवढ्याच साठ्यात दुप्पट मुलींना लस देणे त्यामुळे शक्य झाले.

पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हाव्हॅक' लसीला २०२२ मध्ये मुली व मुले दोघांसाठी परवानगी मिळाली. एचआयव्हीबाधितांना मात्र एक डोस पुरत नाही. त्यांना किमान दोन, शक्यतो तीन डोस द्यावेत, असा सल्ला आहे.