कॉफीगृहांतील लोकगीतगायन

कॉफीगृहात जमलेल्या श्रोत्यांपुढे लोकगीतगायकांनी वा त्यांच्या लहान वृंदांनी प्रत्यक्ष गायन करण्याची प्रथा. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तिचा विशेष उत्कर्ष झाला. साधारणपणे १९५८ ते १९६८ हा तिचा बहराचा काळ होय. त्या देशातील लोकगीतांच्या पुनरुज्जीवनाची चळवळ मुख्यतः याच कॉफीगृहांतून शहरी तरुण वर्गापर्यंत पोहोचली.

पार्श्वभूमी : वाढत्या शहरांतील सुशिक्षितांना ग्रामीण गीतांचा परिचय प्रथम संग्राहकांच्या पुस्तकांतून व ध्वनिमुद्रिकांतून झाला. हॅरी स्मिथ याने जुन्या ८४ ध्वनिमुद्रणांचा सिद्ध केलेला संच १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला व तो अनेक तरुण गायकांचा पाठ्यग्रंथच ठरला. तत्पूर्वी १९४८ मध्ये पीट सीगर (१९१९–२०१४), ली हेज, रॉनी गिल्बर्ट व फ्रेड हेलरमन यांनी ‘द वीव्हर्स’ हा वृंद स्थापन केला होता. त्याला मोठी लोकप्रियता लाभली. तथापि साम्यवादी म्हणून संशयित ठरलेल्या कलावंतांवरील बहिष्कारामुळे नभोवाणी, दूरचित्रवाणी व मोठी नाट्यगृहे यांची दारे त्याला बंद झाली आणि १९५२ मध्ये तो विसर्जित झाला. डिसेंबर १९५५ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये त्याचे पुनरागमन झाले. मोठ्या रंगमंचांवरील दडपणाच्या या काळात लहान, स्वतंत्र जागांना साहजिकच महत्त्व आले.

प्रमुख कॉफीगृहे : न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज भागात इटालियन वस्तीमुळे कॉफीगृहांची परंपरा जुनी होती, तेथील ‘कॅफे रेजिओ’ १९२७ पासून चालू आहे. १९५८ मध्ये मॅक्डूगल रस्त्यावरील एका तळघरात ‘गॅसलाइट कॅफे’ सुरू झाले. आरंभी तेथे कवितावाचने होत. पुढे लोकगायकांनी ती जागा व्यापली. वरच्या मजल्यांवरील रहिवाशांना टाळ्यांचा उपद्रव होऊ नये, म्हणून तेथील श्रोते बोटांनी चुटक्या वाजवून दाद देत. जवळच असलेल्या ‘कॅफे व्हा?’ येथे बॉब डिलन (१९४१–) हा जानेवारी १९६१ मध्ये शहरात आल्याबरोबर गायला. ‘बिटर एंड’ या कॉफीगृहातून पीटर, पॉल व मेरी हे त्रिकूट पुढे आले. ‘गर्डीज फोक सिटी’ येथे मद्यविक्री होत असल्याने ते काटेकोरपणे कॉफीगृह नव्हते. परंतु चळवळीतील त्याचे स्थान तेवढेच मोठे होते.

मॅसॅचूसेट्स राज्यातील केंब्रिज येथे जानेवारी १९५८ मध्ये उघडलेले ‘क्लब ४७’ प्रारंभी जाझ संगीतासाठी होते. त्याच वर्षी तेथे जोन बाएझ (१९४१–) हिचे गायन सुरू झाले आणि ते लोकसंगीताचे केंद्र बनले. जिम क्वेस्किन याचा जग बँड व ‘चार्ल्स रिव्हर व्हॅली बॉइज’ हे वृंद तेथे नावारूपाला आले. सॅराटोगा स्प्रिंग्ज येथील ‘कॅफे लीना’ १९६० मध्ये सुरू झाले; लीना स्पेन्सर (१९२३–८९) हिने ते आमरण चालविले. कॅनडात टोराँटो येथील ‘रिव्हरबोट’ आणि इंग्लंडमध्ये लंडन येथील ‘ट्रूबडूर’ ही अशीच प्रसिद्ध स्थाने होत.

व्यवस्था व अर्थकारण : बहुतेक कॉफीगृहांत मद्य मिळत नसे, त्यामुळे अल्पवयीन विद्यार्थ्यांनाही तेथे मुक्त प्रवेश असे. गिटार, बँजो, फिडल यांसारखी सुवाह्य वाद्ये आणि दोन-तीन गायक एवढ्यावर कार्यक्रम होई. अनेक ठिकाणी गायकाला ठरीव वेतन नसे. गायन संपल्यावर श्रोत्यांत परडी फिरविली जाई व तीत पडेल तेवढीच त्याची मिळकत. नवोदितांसाठी ‘हूटनॅनी’ या नावाच्या खुल्या बैठकी होत. तेथे जुने गायक नव्यांना ऐकत व नवे जुन्यांकडून गीते उचलत. गीतांचा मौखिक प्रसार अशा रीतीने शहरातही चालू राहिला.

संघर्ष : वॉशिंग्टन चौकातील उद्यानात रविवारी जमून गाण्याची प्रथा अनेक वर्षांची होती. १९६१ च्या वसंत ऋतूत उद्यान-आयुक्तांनी परवानगी नाकारली. तेव्हा मॅक्डूगल रस्त्यावरील ‘फोकलोअर सेंटर’ या दुकानाचा चालक इझी यंग (१९२८–२०१९) याच्या पुढाकाराने ९ एप्रिल रोजी निदर्शने झाली. पोलिसांशी झटापट होऊन काहींना अटक झाली. परंतु त्याच वर्षी गायनास पुन्हा मुभा मिळाली. १९६३ मध्ये ‘हूटनॅनी’ याच नावाचा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला. त्यात सीगरला मज्जाव केल्यामुळे बाएझसह अनेक गायकांनी त्यावर बहिष्कार टाकला.

गीतांच्या मालकीचा प्रश्न अधिक खोल होता. किंग्स्टन ट्रिओ या वृंदाची ‘टॉम डूली’ ही ध्वनिमुद्रिका १९५८ मध्ये अत्यंत लोकप्रिय झाली. हे गीत संग्राहक फ्रँक वॉर्नर याने उत्तर कॅरोलायनातील शेतकरी-गायक फ्रँक प्रॉफिट (१९१३–६५) याच्याकडून १९३८ मध्ये मिळविले होते. प्रॉफिटला मात्र ते दूरचित्रवाणीवर अनपेक्षितपणे ऐकावे लागले. कृष्णवर्णीय गायक लेडबेली १९४९ मध्ये निर्धन अवस्थेत वारला आणि त्याच्याकडून आलेल्या ‘गुडनाइट आयरीन’ या गीताने दुसऱ्याच वर्षी वीव्हर्सना देशव्यापी यश मिळवून दिले. याची काहीशी भरपाई कॉफीगृहांनी केली. १९२८ मध्ये ध्वनिमुद्रण करून विस्मृतीत गेलेला मिसिसिपी जॉन हर्ट १९६३ मध्ये पुन्हा सापडला, तेव्हा शहरी तरुणांनी त्याला आपल्यासमोर बसवून ऐकले. मूळ गायकाचे नाव व मोबदला त्यालाच मिळावा, ही जाणीव अशा बैठकींतून बळावली.

ऱ्हास व वारसा : १९६४ पासून रॉक संगीताची लाट आली. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्ट महोत्सवात डिलनने विद्युत्-गिटारसह गायन केल्यावर श्रोत्यांत तट पडले. मोठ्या ध्वनिवर्धकांच्या संगीतास तळघरे अपुरी पडू लागली आणि यशस्वी गायक भव्य सभागृहांकडे वळले. क्लब ४७ हे १९६८ मध्ये, तर गॅसलाइट १९७१ मध्ये बंद झाले. तरीही परंपरा खंडित झाली नाही. क्लब ४७ चा वारसा ‘क्लब पासिम’ने पुढे चालविला, तर कॅफे लीना विनानफा संस्था म्हणून टिकून आहे. गायक व श्रोता यांत जेमतेम एका टेबलाचे अंतर ठेवणाऱ्या या जागांनी, छापील संग्रहात स्थिरावू पाहणाऱ्या लोकगीताला पुन्हा गळ्यातून गळ्यात जाण्याची वाट करून दिली, हे त्यांचे मुख्य कार्य होय.