जनगणनेत तुमचा धंदा कसा लिहिला जातो? बारामती-इंदापूरच्या उदाहरणांसह

देशाची जनगणना २०२१ मध्ये व्हायची होती, ती लांबली. आता १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे आणि माणसांची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये होईल. जातीची नोंदही या वेळी घेतली जाणार आहे. त्यामुळे मोहल्ल्यात, जमातीच्या बैठकीत सध्या सगळी चर्चा एकाच रकान्याची चालली आहे, तो म्हणजे जात. पण त्याच अर्जात कामधंद्याचे काही रकाने असतात आणि त्यांच्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. घरात किती माणसं कमावतात, काय करून कमावतात, मालक आहेत की मजूर, हे सगळं त्या रकान्यांतून कळतं. तिथे नुसतं "मजुरी", "धंदा", "घरीच असते" असं लिहिलं गेलं, तर ते काम सरकारी हिशेबातून गायब होतं किंवा चुकीच्या खान्यात जाऊन बसतं.

हे रकाने कसे भरले जातात, ते आम्ही इथे २०११ च्या जनगणनेतील सूचनांच्या आधारे, बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील उदाहरणं घेऊन सांगत आहोत.

पहिला प्रश्न : गेल्या वर्षभरात काम केलं का?

प्रगणक दारात येतो त्या दिवशी तुम्ही काय करत होता, हा प्रश्न नसतो. मागच्या संपूर्ण वर्षाबद्दल विचारलं जातं. सहा महिने किंवा त्याहून जास्त काम केलं असेल तर "मुख्य काम करणारा", त्याहून कमी असेल तर "सीमांतिक काम करणारा". २०११ मध्ये सीमांतिकमध्येही तीन महिन्यांपेक्षा कमी आणि तीन ते सहा महिने असे दोन भाग होते. अजिबात काम केलं नसेल तर "काम न करणारा". मग विद्यार्थी, घरकाम करणारी व्यक्ती, अवलंबून असणारा, निवृत्तिवेतनधारक अशी नोंद होते.

वर्षभराचा हिशेब असल्यामुळे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. फेब्रुवारी २०२७ मध्ये रमजान येतो आहे. चंद्रदर्शनानुसार साधारण ८-९ फेब्रुवारीपासून. त्या महिन्यात अनेक जण खजूर, फळं, शेवया, टोप्या-अत्तर यांचा हंगामी गाडा लावतात. एखादा माणूस अकरा महिने टेम्पो चालवतो आणि रमजानमध्ये फळांचा गाडा लावतो. त्याची नोंद टेम्पोचालक म्हणून व्हायला हवी. अनेक कामं असतील, तर ज्यात वर्षातला जास्तीत जास्त वेळ गेला ते काम धरलं जातं.

दुसरं उदाहरण ऊसतोडीचं. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरचे कर्मयोगी आणि नीरा-भीमा, या कारखान्यांच्या गाळपाच्या हंगामात बीड, नगरकडून तोडणी मजुरांच्या टोळ्या येतात. फेब्रुवारीत हंगाम चालू असतो. मोजणीच्या संपूर्ण काळात जो माणूस आपल्या गावी नसतो, तो जिथे राहत असेल तिथे मोजला जातो. म्हणजे फडाजवळच्या कोपीत राहणारं कुटुंब बारामती किंवा इंदापूर तालुक्यात मोजलं जातं. त्यांची तोडणी पाच महिन्यांची आणि गावी परतल्यावर दोन महिने खुरपणीला गेले, तर कामाचे महिने एकत्र धरायचे. सात महिने झाले, म्हणजे तो मुख्य काम करणारा. "सीझनपुरतंच काम असतं" एवढंच सांगितलं, तर तोच माणूस सीमांतिकमध्ये जातो. नवरा-बायकोच्या जोडीला "एक कोयता" म्हणतात आणि उचलही जोडीने घेतली जाते. पण जनगणनेत कोयता मोजत नाहीत, माणसं मोजतात. बायकोची नोंद वेगळी आणि तिच्या कामाची नोंदही वेगळी.

दुसरा प्रश्न : चार खान्यांपैकी कुठला?

काम करणाऱ्या प्रत्येकाला चारपैकी एका खान्यात टाकलं जातं.

१) शेतकरी : स्वतःच्या, सरकारकडून मिळालेल्या किंवा खंडाने-वाट्याने घेतलेल्या जमिनीत पीक घेणारा. सातबारा नावावर असलाच पाहिजे असं नाही. वाट्याने शेती करणाराही शेतकरीच. ऊस, भाजीपाला, फळबाग हे सगळं यात येतं, म्हणून इंदापूरचा डाळिंब-पेरूवाला बागायतदार इथेच. चहा, कॉफी, रबर, नारळ, सुपारी ही लागवड मात्र या खान्यात धरत नाहीत.

२) शेतमजूर : दुसऱ्याच्या जमिनीवर पैशाने, धान्याने किंवा वाट्याने मजुरी करणारा. पीक बुडालं तर नुकसान त्याचं नसतं, हा फरक.

३) घरगुती उद्योग : घरातल्या माणसांनी मिळून चालवलेला, वस्तू बनवण्याचा, प्रक्रियेचा किंवा दुरुस्तीचा उद्योग. नोंदणीकृत कारखान्याइतका मोठा नको आणि काम करणाऱ्यांत घरचेच जास्त हवेत.

४) इतर काम करणारे : नोकरदार, शिक्षक, कारखान्यातले कामगार, दुकानदार, चालक, गवंडी, इमाम, सगळे इथे.

तिसऱ्या आणि चौथ्या खान्यातच जास्त गोंधळ होतो. खेडेगावात घरगुती उद्योग घरात किंवा गावात कुठेही असला तरी चालतो. शहरात मात्र तो राहत्या घराच्या आवारातच हवा. खेड्यात वेशीजवळ भाड्याच्या गाळ्यात भावासोबत गाद्या भरणारा पिंजारी घरगुती उद्योगात जाईल. तोच माणूस बारामती शहरात घरापासून लांब गाळा घेऊन बसला, तर "इतर" मध्ये. नुसती विक्रीही घरगुती उद्योगात बसत नाही. घरी बांगड्या बनवल्या तर उद्योग, आणून विकल्या तर व्यापार. केस कापणं आणि कपडे धुणं ही कामंही सूचनांनुसार घरगुती उद्योगातून वगळलेली आहेत.

२०११ मध्ये देशात ४८ कोटींहून जास्त लोक काम करणारे होते. त्यांत शेतकरी २४.६ टक्के, शेतमजूर ३० टक्के, घरगुती उद्योगात ३.८ टक्के आणि इतर ४१.६ टक्के. म्हणजे दर पाचांतले दोन एकट्या "इतर" या पोत्यात. त्यात कोण कोण आहे, हे कळायचं तर पुढचे तीन रकाने नीट भरलेले हवेत.

तिसरा टप्पा : काम, जागा आणि नातं

घरगुती उद्योग आणि इतर या दोन खान्यांतल्या माणसांना आणखी तीन गोष्टी विचारतात : माणूस प्रत्यक्ष काय करतो, तो ज्या ठिकाणी काम करतो तिथे काय चालतं आणि तिथे तो कोण आहे. "कोण" चे चार प्रकार : मालक म्हणजे पगारी माणसं ठेवणारा, नोकर, एकटा काम करणारा आणि घरच्या धंद्यात पगाराशिवाय राबणारा.

"एमआयडीसीत आहे" हे उत्तर म्हणून पुरत नाही. बारामती एमआयडीसीत वाहनं बनतात, दुधावर प्रक्रिया होते, कपडे शिवले जातात. एकाच गेटातून वेल्डर, वॉचमन, कँटीनचा आचारी आणि अकाउंटंट आत जातात. वालचंदनगरच्या फिटरने "कंपनीत" असं न सांगता "फिटर, यंत्रं बनवणारा कारखाना, नोकर" असं सांगावं.

भंगाराच्या धंद्याचंही तसंच. गोदाम असलेला आणि चार माणसं ठेवणारा, त्याच गोदामात माल निवडणारा, आणि हातगाडी घेऊन गल्लोगल्ली फिरणारा, तिघेही "भंगारवाला". जनगणनेत मात्र पहिला मालक, दुसरा नोकर, तिसरा एकटा काम करणारा. गोदामावर बसणारा मालकाचा मुलगा पगार घेत नसेल, तर तो चौथ्या प्रकारात.

या उत्तरांना नंतर राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणाचे संकेतांक दिले जातात. असं पहिलं वर्गीकरण १९५८ चं, पुढे १९६८, २००४ आणि २०१५ मध्ये सुधारलेलं. २०१५ च्या आवृत्तीत सुमारे ३६०० व्यवसाय आहेत आणि त्यांचे मुख्य नऊ विभाग आहेत : व्यवस्थापकांपासून हमाली-मजुरीसारख्या प्राथमिक कामांपर्यंत. शब्द थोडा बदलला की विभाग बदलतो. "शिलाई काम" म्हणणारा, गिऱ्हाइकाचं माप घेऊन कपडे शिवणारा शिंपी सातव्या विभागात, म्हणजे कारागिरांत. बारामतीच्या टेक्स्टाईल पार्कमध्ये मशीनवर दिवसभर एकच शिवण मारणारी मुलगी आठव्या विभागात, यंत्रचालकांत. भिगवणला उजनीच्या पाण्यात मासे पकडणारा सहाव्या विभागात, बाजारात विकणारा पाचव्यात, कापून साफ करून देणारा सातव्यात. मशिदीचे इमाम दुसऱ्या विभागात, धार्मिक व्यावसायिक म्हणून. त्यांच्यासाठी "मशिदीत असतात" हे उत्तर अपुरं आहे.

जात वेगळी, धंदा वेगळा

आपल्या समाजासाठी ही बाब सर्वात नाजूक आहे. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरमध्ये मुसलमानांची माहिती धंद्यांच्या नावांनीच दिलेली आहे : अत्तार, मन्यार, तांबोळी, नालबंद, कलईगार, रंगरेज. त्या काळी नाव सांगितलं की काम कळायचं. इंग्रजांच्या १८८१ च्या जनगणनेत धंद्यांचे वर्ग इंग्लंडच्या धर्तीवर होते, १९११ मध्ये फ्रान्सच्या बर्तियाँ यांची पद्धत घेतली, १९५१ मध्ये उपजीविकेचे आठ वर्ग केले, १९६१ पासून "काम करणारा - न करणारा" ही विभागणी आली आणि २००१ पासून आजचे चार खाने.

आज आडनाव तेच राहिलं, काम बदललं. अत्तार मोबाईल दुरुस्त करतो, तांबोळी शिक्षक आहे, मुलाणी ट्रकचालक आहे. या वेळी जातीचा रकाना असणार, म्हणून घोळ वाढण्याचा धोका आहे. जातीच्या रकान्यात जात आणि कामाच्या रकान्यात आजचं काम, एवढंच पाळायचं.

दोन नावांबाबत जास्त जपायला हवं. "बागवान" हे कामाच्या रकान्यात लिहिलं, तर वाचणारा त्याचा अर्थ माळी किंवा बागेतला मजूर असा घेऊ शकतो. मंडईत फळं विकणाऱ्याने "फळविक्री, गाळा किंवा हातगाडी" असंच सांगावं. दुसरं "फकीर". ही आपल्यातली एक जमात आहे. पण काम न करणाऱ्यांच्या यादीत "भिकारी" असाही एक प्रकार असतो. त्या जमातीतला माणूस गवंड्याच्या हाताखाली राबत असेल आणि नाव ऐकून त्याला त्या प्रकारात टाकलं, तर कष्टकरी माणूस कागदावर भिकारी ठरतो.

कुरेशी समाजाचं आणखी वेगळं. मार्च २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला. त्यानंतर जनावरांच्या आणि मांसाच्या धंद्यातून बाहेर पडलेली माणसं कुठे गेली, याची घरोघर नोंद घेण्याची पहिली संधी ही जनगणना आहे. आज चिकनचं दुकान असेल तर ते सांगावं, रिक्षा चालवत असतील तर रिक्षा सांगावी.

घरातल्या बायकांचं काम

२०११ मध्ये देशातल्या २५.५ टक्के महिला "काम करणाऱ्या" होत्या, मुस्लिम महिलांत हे प्रमाण १४.८ टक्के होतं. सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवलं होतं की मुस्लिम महिला घरात बसून करायच्या कामांत मोठ्या प्रमाणावर आहेत. मग आकडा कमी का? खरोखर कामावर नसणं हे एक कारण आहेच. दुसरं कारण दारातलं उत्तर. प्रगणक बाहेर उभा, उत्तर देतो घरातला पुरुष, आणि तो म्हणतो, "ती घरीच असते."

घरच्यांसाठी स्वयंपाक, धुणं-भांडी याला जनगणना काम धरत नाही. पण पैसे घेऊन साडीला फॉल-पिको करणं, गोधड्या शिवणं, शेवया-पापड करून विकणं, मुलांना अरबीची शिकवणी देणं हे काम आहे. नवऱ्याच्या दुकानात पगाराशिवाय बसणं हेही काम आहे. दोन म्हशी सांभाळून दूध काढणं, ते सगळं घरीच वापरलं तरी, २०११ च्या सूचनांप्रमाणे काम धरलं जातं. फॉल-पिको करणारीची नोंद "घरकाम" अशी न होता "शिलाई, घरी, एकटी काम करणारी" अशी व्हायला हवी.

माहिती कुणाकडे जाते?

"धंदा सांगितला तर टॅक्स लागेल", "रेशन कार्ड जाईल" या भीतीने लोक काम लपवतात. जनगणना कायदा १९४८ च्या कलम १५ नुसार व्यक्तीची नोंद कुणाला पाहायला मिळत नाही आणि ती न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही. बाहेर येतात ते फक्त एकत्रित आकडे. खरी माहिती देणं मात्र कायद्याने बंधनकारक आहे.

मोजणी या वेळी मोबाईलवर होणार असून स्वतः माहिती भरण्याची सोयही जाहीर झाली आहे. आमची सूचना एवढीच : घरातल्या प्रत्येक कमावत्या माणसासाठी आधीच एक ओळ लिहून ठेवा. काय काम, कशाच्या ठिकाणी, मालक-नोकर-एकटा-घरचा यांपैकी कोण, वर्षातले किती महिने. ज्या बाईचं काम आहे, तिची ओळ तिलाच सांगू द्या. जमातीतल्या शिकल्या-सवरल्या मुलामुलींनी शेजारच्या दहा घरांत जाऊन अशा ओळी लिहून दिल्या, तर प्रगणकाचाही वेळ वाचेल आणि नोंदही खरी होईल.