लोखंडी फुफ्फुसासह कॉलेजला गेलेला मुलगा

बारावीचा निकाल लागला की काही आई-वडील मुलाला किंवा मुलीला घेऊन दवाखान्यात येतात. कुणाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी असते, कुणाचे स्नायू हळूहळू क्षीण होत असतात, कुणाला अपघातात मणक्याला इजा झालेली असते. फाइल टेबलावर ठेवतात आणि विचारतात, "डॉक्टर, हिला कॉलेज झेपेल का हो?"

तुम्हीही हा प्रश्न कधी विचारला असेल, तर आज औषधांबद्दल न बोलता तुम्हाला एक जुनी गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातली.

१९५३ साली एड रॉबर्ट्स नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पोलिओ झाला. पोलिओची लस आली १९५५ मध्ये, म्हणजे त्याची दोन वर्षांनी चुकामूक झाली. पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या पेशी मारतो. स्पर्श कळतो, बुद्धी शाबूत राहते, पण स्नायू हुकूम ऐकत नाहीत. एडच्या मानेखाली एका हाताची दोन बोटं आणि पायाची काही बोटं, एवढीच हालचाल उरली. श्वासाचे स्नायूही गेले. हा जगला तरी भाजीपाल्यासारखा पडून राहील, असं डॉक्टरांनी त्याच्या आईला सांगितलं. पुढे एड हसत म्हणायचा, भाजीच व्हायचं तर मी आर्टिचोक होईन: बाहेरून काटेरी, आतून मऊ. (आपल्याकडे असता तर फणस म्हणाला असता.)

रात्री तो लोखंडी फुफ्फुसात झोपायचा. हे म्हणजे माणसाला आत झोपवायचं मोठं हवाबंद नळकांडं, फक्त डोकं बाहेर. पंपाने आतली हवा ओढली की दाब कमी होऊन छाती फुगते आणि नाकातोंडावाटे हवा आत शिरते. दाब पूर्ववत झाला की उच्छ्वास. दिवसा तो बेडूक-श्वसन करायचा, म्हणजे जीभ आणि घशाच्या स्नायूंनी हवेचे छोटे छोटे घोट फुफ्फुसांत ढकलायचे. करून बघा, दोन मिनिटांत दमाल.

शाळा त्याने बरीचशी घरी राहून, फोनच्या तारेवरून वर्ग ऐकत केली. शेवटी शाळेने प्रमाणपत्र अडवलं, कारण शारीरिक शिक्षण आणि गाडी चालवण्याचा अभ्यासक्रम त्याने पूर्ण केला नव्हता! त्याची आई झोना शाळा मंडळापर्यंत भांडली, तेव्हा कुठे ते मिळालं. राज्याच्या पुनर्वसन खात्याने तर शेरा मारला की याचं अपंगत्व फार तीव्र आहे, याला नोकरी लागण्याची शक्यता नाही, त्यामुळे शिक्षणाला पैसे देता येणार नाहीत. आरडाओरडा झाल्यावर खातं नमलं.

१९६२ मध्ये त्याला बर्कली विद्यापीठात प्रवेश हवा होता. अडचण गुणांची नव्हती, झोपायच्या जागेची होती. सुमारे ३६० किलोचं ते यंत्र कुठल्या वसतिगृहात मावणार? तेव्हा विद्यापीठाच्या आरोग्य सेवेचे प्रमुख डॉ. हेन्री ब्रुइन यांनी आवारातल्या कॉवेल रुग्णालयात त्याला खोली दिली. मात्र तो रुग्ण म्हणून नव्हे, विद्यार्थी म्हणून राहणार होता. माझ्या व्यवसायातल्या एका माणसाने केलेल्या या कामाचा मला अभिमान वाटतो, पण पुढचा भाग डॉक्टरांनी केलेला नाही.

पुढच्या वर्षी जॉन हेस्लर आला, मग आणखी काही जण. दशकाच्या शेवटी तिथे दहा-बारा विद्यार्थी झाले. रात्री गप्पा मारताना त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला अडवतं ते आपलं निदान नाही. वर्गापुढच्या पायऱ्या अडवतात. सकाळी उठवून कपडे घालणारा मदतनीस आला नाही, तर दिवस जातो. व्हीलचेअर बिघडली, तर दुरुस्त होऊन येईपर्यंत तास बुडतात.

व्हीलचेअरवरून आठवलं. दोन बोटांत इतकी कमी ताकद असताना एडला विजेवरची खुर्ची जमणार नाही, असं डॉक्टरांचं मत होतं. मग तो प्रेमात पडला आणि खुर्ची ढकलणारा मदतनीस सतत मध्ये यायला लागला. ती बोटं पुढे ढकलू शकत नव्हती, पण ओढू शकत होती. म्हणून खुर्चीचा दांडा उलटा फिरवून बसवला, आणि झालं काम. मी हा प्रसंग फिजिओथेरपीच्या मुलांना मुद्दाम सांगतो. काय जमत नाही हे आम्ही बारकाईने मोजतो. ओढता येतं का, हे बघायचं राहून जातं.

साठच्या दशकाच्या अखेरीस पुनर्वसन खात्याच्या एका समुपदेशकाने यांच्यातल्या दोघांना 'प्रगती नाही' म्हणून काढायचं ठरवलं. मुलं वर्तमानपत्रांकडे गेली. शेवटी बदली झाली ती समुपदेशकाची. या एकीतून १९७० मध्ये विद्यापीठाचा अपंग विद्यार्थी कार्यक्रम उभा राहिला. तिथे व्हीलचेअर दुरुस्तीचं वर्कशॉप होतं, मदतनिसांची यादी होती, पायऱ्या नसलेल्या खोल्यांची माहिती होती, अंध विद्यार्थ्यांसाठी वाचक होते. कार्यक्रम चालवणाऱ्यांत स्वतः अपंग असलेली माणसं होती. रुग्णालयातून बाहेर पडून गावात खोली घेऊन राहणं मुलांना त्यामुळे जमू लागलं. शहरातली इतर अपंग माणसंही मदत मागायला येऊ लागली, म्हणून १९७२ मध्ये त्यांच्यासाठी वेगळं केंद्र निघालं. बर्कलीच्या पदपथांना उतार झाले तेही याच काळात.

१९७३ च्या कायद्याने सांगितलं, की केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या संस्थांना अपंगत्वावरून भेदभाव करता येणार नाही. नियमांवर सही व्हायला मात्र १९७७ चा एप्रिल उजाडला, तोही सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कार्यालयात अपंग आंदोलक तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडून बसल्यावर. तोवर रॉबर्ट्स राज्याच्या पुनर्वसन खात्याचे संचालक झाले होते. होय, त्याच खात्याचे!

आता आपल्याकडे या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, आणि त्यांसाठी ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. पण सोयी-सवलतींसाठी ४० चा आकडा लागतोच असं नाही. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराला (तो स्वतः एमबीबीएस होता) या आकड्याखाली असल्यामुळे परीक्षेत लेखनिक नाकारला गेला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि ही अट अशी लावता येणार नाही, असं सांगितलं.

म्हणून प्रमाणपत्राच्या टक्क्यांवर थांबू नका. प्रवेशाआधी कॉलेजात एक चक्कर मारा, शक्यतो मुलीला घेऊनच. वर्ग कोणत्या मजल्यावर भरतात, लिफ्ट चालू असते की कुलूप लावलेली असते, रॅम्पवरून ती स्वतः चढू शकते का, स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची आत जाते का, हे बघा. मुलगी काय म्हणते ते लिहून घ्या. मग तो कागद घेऊन माझ्याकडे या. तिला परीक्षेत किती जादा वेळ लागेल, लेखनिक हवा का, तळमजल्यावरचा वर्ग का हवा, हे मी वैद्यकीय कारणांसह पत्रात लिहून देईन. ते पत्र प्राचार्यांच्या नावे अर्जाला जोडा आणि पोच घ्यायला विसरू नका.