बिदरच्या रस्त्यावरचा साक्षीदार

बहमनी काळाचा विषय निघाला की आपण हटकून फरिश्त्याचा हवाला देतो. पण फरिश्ता लिहीत होता सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, विजापुरात. महमूद गवानला 1481 मध्ये मारलं, त्याला तोवर सव्वाशे वर्षं होत आली होती. गवान हयात असताना बिदरमध्ये राहून ज्यानं डोळ्यांनी पाहिलं आणि लिहून ठेवलं, असा माणूस म्हणजे अफानासी निकितीन. रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी. 1470 च्या आगेमागे तो चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बिदरला आला.

त्याच्याजवळ विकायला एकच माल होता, एक घोडा. जुन्नरपर्यंत आणायला त्याला शंभर रुबल पडले होते. तिथल्या असदखानानं तो घोडा काढून घेतला आणि चार दिवसांची मुदत दिली : धर्म बदल, तर घोडा परत आणि वर हजार मोहरा, नाहीतर घोडाही गेला आणि हजाराचा दंड. एका खुरासानी माणसानं मध्यस्थी केली, तेव्हा सुटका झाली. हे त्याच्या स्वतःवर बेतलेलं, म्हणून मला त्याच्या लिखाणात सगळ्यात भरवशाचं वाटतं.

आता आपल्या भागाचं बघू. आळंदला शेख अलाउद्दीनच्या नावानं वर्षातून एकदा दहा दिवस मोठा बाजार भरतो, वीस हजारांपर्यंत घोडे विकायला येतात, असं तो सांगतो. आळंद म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातलंच (जुनी माणसं अजून गुलबर्गाच म्हणतात), आणि शेख अलाउद्दीन म्हणजे तिथले लाडले मशायख. वीस हजारांचा आकडा घट्ट धरू नये. पण घोड्याच्या व्यापाऱ्यानं घोड्यांच्या बाजाराबद्दल सांगितलंय, तेव्हा बाजार दणदणीत होता एवढं नक्की.

त्याच आळंदबद्दल तो पुढं लिहितो की रात्री ‘गुकुक’ ओरडणारा एक पक्षी आहे. तो ज्या घरावर बसेल तिथं माणूस मरतो, आणि मारायला जावं तर त्याच्या चोचीतून आग निघते. हे झालं ऐकीव. पण ऐकीव म्हणून टाकून कशाला द्यायचं? संस्कृतात घूक, कन्नडमध्ये गूबे, आपल्याकडं घुबड. आणि घुबड घरावर बसलं की आपली आजी काय म्हणायची ते आठवा. आग निकितीननं पाहिली नाही, पण लोकांची भीती त्यानं नेमकी टिपली.

बिदरचं वर्णन मात्र पाहिलेल्या माणसाचं आहे. सुलतानाच्या वाड्याला सात दरवाजे. दारोदारी पहारेकरी आणि कारकून, आत कोण गेलं, बाहेर कोण आलं ते लिहून घेणारे. रस्त्यावर लांबलचक साप. सुलतान वीस वर्षांचा, कारभार सगळा खुरासानी सरदारांच्या हातात. हे ताडून पाहता येतं : तिसरा मुहम्मदशाह 1463 मध्ये लहान वयात गादीवर आला होता. मिरवणुकीत मात्र हत्ती तीनशे, कर्णेवाले तीनशे, नाचणाऱ्याही तीनशे! गर्दीत उभ्या माणसाची ही मोजणी, हिशेबनिसाची नव्हे.

आणि एक गोष्ट फारसी तवारीखकार सहसा सांगत नाहीत, ती हा परका सांगून जातो : मुलूख माणसांनी भरलेला, गावाकडची माणसं फार गरीब, आणि सरदार चांदीच्या पालख्यांतून हिंडतात.

घोडा त्यानं शेवटी बिदरमध्येच विकला. पुढं इथल्या हिंदूंना त्यानं सांगून टाकलं की मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे. तेव्हापासून त्यांनी आपलं खाणंपिणं, पूजाअर्चा त्याच्यापासून लपवणं सोडलं. त्याची धर्मपुस्तकं व्होल्गेच्या मुखाजवळच लुटली गेली होती, त्यामुळं ईस्टर कधी येतो हेही त्याला कळेना. तो अंदाजानं उपास धरायचा. आपल्या देशात न्याय कमी, ही तक्रार त्यानं रशियनमध्ये न लिहिता तुर्की-फारसी मिसळलेल्या बोलीत लिहिली. घरी कुणी वाचलं तर, ही धास्ती असावी.

पण तो घरी पोचलाच नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडंच वारला. त्याच्या हातची वही व्यापाऱ्यांनी 1475 मध्ये मॉस्कोला नेऊन दरबारातल्या एका लेखनिकाच्या हवाली केली.