भाला आणि राखण

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात विनेबागो नावाचे एक सरोवर आहे. लांबी सुमारे ३० मैल, रुंदी १० मैल. खोली मात्र २१ फुटांच्या पलीकडे कोठेच नाही. हिवाळ्यात हे सारे पाणी गोठते आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी त्या बर्फावर एक गावच वसते. हजारो लाकडी खोपटी, त्यांच्यामधून मोटारीचे रस्ते, बर्फाला गेलेल्या भेगांवर टाकलेले पूल आणि वाट चुकू नये म्हणून रोवलेली हिरवी झाडे! खोपटीच्या आत मुद्दाम काळोख केलेला असतो. बर्फात एक मोठे चौकोनी भोक कापलेले असते, त्यात एक लाकडी मासा दोरीने सोडलेला असतो आणि भाला हाताशी ठेवून माणूस तासन्‌तास खालच्या हिरवट उजेडाकडे टक लावून बसतो. तो वाट पाहत असतो स्टर्जनची.

या माशाला आपल्याकडे नाव नाही, कारण तो आपल्या पाण्यात नाही. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या ढालींच्या पाच रांगा, तोंड खालच्या बाजूस आणि त्यापुढे शिंगाळ्यासारख्या चार मिशा. याचे कूळ माणसाहून कितीतरी पुरातन! जगातल्या बहुतेक नद्यांतून स्टर्जनच्या जाती नाहीशा होत चालल्या आहेत. असे असता, जेथे दर हिवाळ्यात त्याला भाल्याने मारतात, त्या विनेबागोतच सरोवरी स्टर्जनची जगातील सर्वांत मोठ्या वस्त्यांपैकी एक टिकून आहे. हे कसे घडले, ते सांगण्यासाठी हा लेख.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोऱ्या कोळ्यांना हा मासा म्हणजे पीडाच वाटे. त्यांची जाळी तो फाडी. म्हणून ते त्याला पकडून काठावर फेकून देत; त्याचे तेलकट देह आगबोटींच्या भट्ट्यांत लाकडांसारखे जाळीत. पुढे त्याच्या अंड्यांना आणि धुरावलेल्या मांसाला बाजारभाव आला, आणि तिरस्काराची जागा लोभाने घेतली. १८८५ साली अमेरिकेतील महासरोवरांतून ८० लाख पौंडांहून अधिक स्टर्जन काढला गेला. पुढच्या काही दशकांतच ती सरोवरे जवळजवळ रिकामी झाली.

शाळामास्तराला येथे फळ्यावर एक साधा हिशेब मांडावासा वाटतो. या माशाची मादी वयात येते ती २०-२५ वर्षांची झाल्यावर. आणि त्यानंतरही तीन ते पाच वर्षांतून एकदाच अंडी घालते. म्हणजे एक मोठी मादी मारली, तर तिची जागा भरून यायला माणसाची एक पिढी जावी लागते. हा हिशेब ध्यानात न घेता केलेला कोणताही कायदा कागदावरच राहावयाचा.

विस्कॉन्सिनने १९०३ साली लहान मासे मारण्यास बंदी केली आणि १९१५ साली स्टर्जनची शिकारच सर्वस्वी बंद केली. परंतु चोरटी शिकार थांबली नाही. वसंतात वुल्फ नदीच्या खडकाळ काठाशी स्टर्जन अंडी घालावयास येतो, तेव्हा त्याची पाठ पाण्यावर दिसते. रात्री त्याला ओढून काढणे अगदी सोपे असते. पुढे १९३२ च्या हिवाळ्यात विनेबागोवर भाल्याची शिकार पुन्हा खुली झाली. मग खरी गोम अशी झाली, की ज्याला फेब्रुवारीत हक्काने भाला टाकावयाचा आहे, त्याला एप्रिलमध्ये नदीकाठी होणारी चोरी आपल्या घरची चोरी वाटू लागली.

१९७७ साली बिल कॅस्पर या भालेकऱ्याने ‘स्टर्जन फॉर टुमॉरो’ ही संस्था उभी केली. ‘उद्यासाठी स्टर्जन’ हे नाव शिकाऱ्यांच्या मंडळाने घ्यावे, यातच सारे आले. संस्थेने संशोधनासाठी पैसा जमविला, आणि पुढे शेकडो स्वयंसेवक वसंतातल्या थंडीत पाळ्या लावून नदीकाठी माशांचा पहारा करू लागले.

तरीही नुसती सदिच्छा पुरी पडली नाही. १९९० नंतर सरोवराचे पाणी निवळत गेले, तसतसा तळाशी जाणारा मासा वरून अधिक दिसू लागला. १९९५ साली एकाच मोसमात ३,००० हून अधिक स्टर्जन मारले गेले. मग १९९७ पासून मर्यादा ठरल्या: एकूण संख्येच्या सुमारे ५ टक्क्यांहून अधिक मासे मारावयाचे नाहीत, आणि प्रौढ माद्यांची मर्यादा वेगळी. त्या मर्यादेची वेळ आली की मोसम तेथेच संपतो, मग ठरलेल्या १६ दिवसांपैकी कितीही दिवस उरलेले असोत. एका माणसास वर्षाला एकच मासा, तोही ३६ इंचांहून लहान नको. आणि मारलेला प्रत्येक मासा त्याच दिवशी नोंदणीच्या ठाण्यावर न्यावयाचा. तेथे त्याचे वजन, लांबी, नर की मादी हे लिहून घेतात. २०१० साली अशाच एका ठाण्यावर २१२.२ पौंडांचा मासा नोंदला गेला. बहुतेक भालेकरी मात्र रिकाम्या हाताने परततात आणि पुढच्या वर्षी पुन्हा परवाना काढतात.

ही कथा येथे संपविली तर ती गोड होईल, पण पुरी होणार नाही. वुल्फ नदीच्या वरच्या अंगास मेनॉमिनी लोकांची राखीव भूमी आहे. कशीना धबधब्यापर्यंत चढून येणारा स्टर्जन हा त्यांच्या वसंताचा पहिला पाहुणा होता. हिवाळ्याच्या उपासानंतरचे अन्न होता. खाली शवानोजवळ धरणे बांधली गेली आणि तो यावयाचा थांबला. ज्यांनी त्याला कधी भट्टीत जाळले नव्हते, त्यांच्याच अंगणातून तो गेला! २०११ पासून मासे पकडून, वाहनात घालून धरणांच्या वर नेऊन सोडले जाऊ लागले. माशाची राखण झाली. पण तो कोणासाठी राखला, हा प्रश्न एवढ्याने मिटत नाही.

आणि आता बर्फाचाच भरवसा उरलेला नाही. २०२४ च्या उबदार हिवाळ्यात बर्फ इतका पातळ होता, की पुष्कळांना त्यावर मोटार नेण्याचे धाडस झाले नाही. त्या वर्षी मासे अधिक वाचले असतील. पण पुढे बर्फच धरेनासा झाला, तर फेब्रुवारीची ती खोपटी जातील, आणि मग एप्रिलच्या रात्री नदीकाठी पहारा कोण देईल? आपल्या कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या काठावर ओढून ठेवणाऱ्यांना हा प्रश्न परका वाटणार नाही.